जमेची बाजू

धुळे,
७ ऑगस्ट १९३८

प्रिय सुगनचंद यास निंबाचा रामराम.

तुझी बहीण आणि भाची सुखरूप पोचल्या. चाळीसगावला गाडी बदलताना कुसुमची एक चप्पल रुळांवर पडली, ती सोडली तर बाकी सामान जसेच्या तसे आहे. वसतिगृहाच्या मुख्य प्रमिलाबाईंनी त्यांना विहिरीकडची खोली दिली. खोली लहान आहे, पण वारा येतो.

आता कामाचे. तू अर्धी गोष्ट ऐकतोस आणि अर्धी दुकानात विसरतोस, म्हणून पुन्हा लिहितो. आमच्या समितीने वसतिगृहातल्या बायकांसाठी इंग्रजी पद्धतीच्या जमाखर्चाचा वर्ग काढला आहे. माझी शाळा सुटली की दुपारी मी तो घेतो. बायका अकरा. मार्चमध्ये परीक्षा, चाळीस गुणांना पास. पास होणाऱ्यांतून दोघींना इथेच हिशेबनिसाची जागा, महिना पंचवीस रुपये आणि राहायला खोली. धनकुंवर पास झाली तर ती आणि कुसुम कायमच्या धुळ्याला राहतील, नाही झाली तर दोघींनी नागोरला सासरी जायचे आणि पुन्हा विषय काढायचा नाही, असे तिच्या सासऱ्यांनी तुझ्यासमोर ठरवले आहे. विधवा सुनेला एवढी मुभा देणारे सासरे विरळा, असे तू म्हणालास. मला ती मुभा कमी आणि फास जास्त वाटतो, पण ते राहू दे.

मला तुझा सल्ला हवा आहे. शाळेतल्या पोरांना शिकवणे वेगळे. इथे कुणी दुकानदाराच्या घरची, कुणी शेतातून आलेली, एक झुंबरबाई म्हणून एरंडोलची आहे, तिला आकडे वाचता येतात एवढेच. यांच्यापुढे डेबिट-क्रेडिटचे भूत पहिल्या दिवशी उभे केले तर दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा होईल. असोद्याच्या शेतकऱ्याच्या पोराला, म्हणजे मला, तू तुमच्या गादीवर बसवून वही दाखवली होतीस. तेव्हा तू बारा वर्षांचा आणि मी बारा वर्षांचा, तरी मला समजले होते. सांग, सुरुवात कशाने करू?

तुझा,
निंबा

जळगाव,
१३ ऑगस्ट १९३८

प्रिय निंबा,

मास्तर झालास तरी उत्तर विचारायला माझ्याकडेच येतोस, हे वाचून दुकानात मी एकटाच हसलो. मुनीम म्हणाला, शेठजी, भाव वाढला का?

अरे, सोपे आहे. पहिल्या दिवशी रोकडवही उघड. आपल्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आलेला पैसा डावीकडे, गेलेला उजवीकडे. तुझ्या इंग्रजी रोकडीतही आलेला पैसा डावीकडेच लिहितात ना? मग झाले. फळ्यावर लिही, आपल्या वहीची जी जमेची बाजू, तिलाच साहेब डेबिट म्हणतो. घरचीच बाजू आहे म्हटल्यावर बायका घाबरणार नाहीत.

धनूची काळजी करू नकोस. ती वहीतच वाढली आहे. ती पहिली आली नाही तर मी मिशी उतरवतो. (आहे तेवढी.)

आमच्याकडे एक शुभवर्तमान. माझ्या थोरल्या मुलीसाठी, सोहनकुंवरसाठी, फैजपूरच्या एका मोठ्या पेढीकडून विचारणा आहे. माणसे चांगली, थोडी जुन्या वळणाची. त्यांच्याकडच्या एका बाईने सहज विचारले, तुमची बहीण नोकरी करणार म्हणे? मी म्हणालो, शिकते आहे, एवढेच. लोकांना बोलायला काहीतरी लागते.

कुसुमला नवी चप्पल घेऊन दे, पैसे मी देईन. आणि ती पोरगी रात्रीचे खात नाही, तेव्हा जेवण उजेडी मिळते ना, ते बघ.

तुझा,
सुगन

धुळे,
१८ सप्टेंबर १९३८

प्रिय सुगन,

हे पत्र चार दिवस लिहू की नको करत होतो.

पहिली चाचणी झाली. एरंडोलची झुंबरबाई, जी ऑगस्टमध्ये हातच्याचा आकडा बोटांवर धरून ठेवायची, तिला चौसष्ट. धनकुंवरला नऊ. शंभरांपैकी नऊ. तेही सगळे रोकडीच्या पानावरचे. पुढे खतावणीत, म्हणजे ज्याचे त्याचे खाते उघडून नोंद करायची तिथे, एक नोंद धड नाही. झिपरू सुताराने वसतिगृहाला बाकडी उधारीवर दिली, हे साधे उदाहरण. झुंबरबाईने झिपरूच्या खात्यावर उजवीकडे लिहिले. धनकुंवरने डावीकडे. असेच शेवटपर्यंत. गंमत म्हणजे शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची गोळाबेरीज, मांडली तर दोन्ही बाजू पैचा फरक न राहता जुळतात. चुकीचे घर भक्कम बांधावे तसे ते झाले आहे.

का, याचा मी विचार करतो आहे. तू मला नेहमी हसतोस, पण मी तक्ताच केला. शाळा किती झाली, इंग्रजी येते का, हजेरी किती, पोरांची आजारपणे, बसायची जागा खिडकीपाशी की भिंतीपाशी. चाचणीआधी धनकुंवरने पर्युषणाचे आठ दिवस उपास केले होते, तेही लिहिले. पण त्याने काही कळेना, कारण झुंबरबाईची हजेरी सर्वांत कमी आणि जागा सर्वांत वाईट. एकच गोष्ट दिसली. तळाला तिघी आहेत आणि तिघी दुकानदारांच्या घरच्या. मला वाटते, ज्यांच्या पाठीशी माहेरची पेढी आहे त्यांना पोटाची निकड नाही, म्हणून मन लावून शिकत नाहीत. स्पष्ट लिहिले, राग मानू नकोस.

आणखी एक सांगितले पाहिजे. पेपर परत देताना मी तिला वर्गासमोर म्हणालो, "धनकुंवरबाई, वडिलांच्या वह्या खरेच तुम्ही लिहीत होता ना?" बाकीच्या हसल्या. तिने पेपर घेतला आणि जागेवर जाऊन बसली. शब्द निसटून गेला. आता सलतो आहे.

निंबा

जळगाव,
३० ऑक्टोबर १९३८

प्रिय निंबा,

दिवाळीची गडबड होती म्हणून उशीर झाला, असे लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटे बोलून काय मिळणार. राग आला होता म्हणून लिहिले नाही.

तू विचारलेस ना, वह्या ती लिहायची का? मी सांगतो. आमच्या दुकानाच्या सहा वर्षांच्या वह्या तिच्या हातच्या आहेत. नऊ वर्षांची होती तेव्हापासून लग्नापर्यंत. बाबूजी आल्यागेल्याला सांगत, सुगनचे अक्षर बघा, आणि मी गप्प बसून शाबासकी घेई. आपण दोघे गादीवर बसायचो तेव्हा तुला मी जे समजावले, ते मला आदल्या दिवशी तिने समजावलेले असायचे. आपल्याहून तीन वर्षांनी लहान पोर. हे मी आजवर कुणाला सांगितले नाही.

तेव्हा तुझा तक्ता चुकतो आहे. निकड नाही म्हणतोस? तिला दोन वेळा पत्र टाकले, एकदाही तक्रार नाही. फक्त एवढेच लिहिले की इथला हिशेब उलट्या डोक्याचा वाटतो, पण गुरुजी म्हणतात तसे करते. तिचे मन लागत नसेल, नवऱ्याला जाऊन दोनच वर्षे झाली. जास्त उदाहरणे घालून घे, हात बसेल.

फैजपूरकर पुढच्या महिन्यात मुलगी बघायला येतात. आणि बालचंदजींचे, तिच्या सासऱ्यांचे, पत्र होते. परीक्षेची तारीख विचारतात. नापास झालीच तर देवाची मर्जी. आपण प्रयत्न केला नाही असे कुणी म्हणणार नाही.

तुझा,
सुगन

धुळे,
१९ मार्च १९३९

प्रिय सुगन,

निकाल लागला. झुंबरबाई एकाहत्तर. आणखी चौघी पास. धनकुंवरला अकरा.

पाच महिने तिला मी जादा उदाहरणे दिली. वर्ग सुटल्यावर एकटी बसून ती सोडवायची आणि कुसुम पाटीवर शेजारी रेघोट्या मारायची. जेवढी जास्त सोडवली तेवढी चूक पक्की होत गेली. काल निकाल ऐकून तिने एकच विचारले, "माझा पेपर बघायला मिळेल का?" समितीचा नियम नाही, असे मी म्हणालो. मग ती खोली आवरायला गेली. आज सकाळच्या गाडीने दोघींना मगन शिपायाबरोबर जळगावला पाठवले आहे.

मला लिहिवत नाही.

निंबा

धुळे,
२८ मार्च १९३९

सुगन,

पत्र मिळताच धनकुंवरला थांबव. बालचंदजी आले असतील तरी थांबव. ती नापास नाही. मी नापास आहे.

आज झुंबरबाई कामावर रुजू झाली. कपाट लावताना उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिच्या हाती आला. धनकुंवरचा पेपर तिने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कागद पातळ, मागून शाई दिसते. मला म्हणाली, "गुरुजी, इकडथून देखा. बठ्ठं उलटं शे, पन चुकेल नही शे."

मी मागच्या अंगाने पाहिले. खरेच सगळे उलटे होते, पण चुकलेले नव्हते. डावीकडचे उजवीकडे आले होते आणि खतावणीतली एकूण एक नोंद बरोबर होती. मी लाल शाईने फुल्या मारल्या होत्या, त्याही मागून दिसत होत्या.

मी विचारले, तुला हे कसे कळले? ती म्हणाली, "ती माले रोज शिकाडे ना. ती डावं सांगे, मी उजवं लिखू. माले वाटनं, तिनी वहीनी रीत येगळी शे." म्हणजे जिला मी एकाहत्तर गुण दिले, तिला धनकुंवरनेच शिकवले होते. झुंबरबाईला वही ठाऊक नव्हती, म्हणून तिला उलटे करून घेणे जड गेले नाही.

आता चूक कुठे झाली ते ऐक. आपल्या वहीत ज्याने दिले त्याची जमा, आणि जमा डावीकडे. इंग्रजीत ज्याने दिले त्याचे क्रेडिट, आणि क्रेडिट उजवीकडे. म्हणजे जमा ही क्रेडिट आहे, डेबिट नव्हे. फक्त रोकडीच्या एका पानावर आलेला पैसा दोन्हीकडे डावीकडे पडतो. आणि मी पहिल्या दिवशी तेच पान उघडून फळ्यावर लिहिले की वहीची जमेची बाजू म्हणजे डेबिट. ज्यांना जमा म्हणजे काय हे माहीत नव्हते, त्यांनी ते वाक्य पुसून टाकले आणि पुढे शिकल्या. ज्यांच्या हाडात जमा मुरली होती, त्या तिघी त्याच वाक्याने बुडाल्या. धनकुंवरला वही सर्वांत जास्त येत होती, म्हणून ती सर्वांत खाली गेली. तिने ऑगस्टमध्येच विचारले होते, "गुरुजी, डेबिट म्हणजे जमाच ना?" मी घाईत होतो. हो म्हणालो.

वाक्य तुझ्या पत्रातले होते, पण फळ्यावर हात माझा होता. मी मुंबईला शिकताना वही विसरून गेलो म्हणून तरलो, आणि विसरलो हेच विसरून गेलो. तुझ्यावर ढकलत नाही.

बाजू फिरवून पेपर पुन्हा तपासला. शहाऐंशी. तडक प्रमिलाबाईंकडे गेलो आणि सगळे सांगितले. दुसरी जागा अजून कुणाला दिलेली नाही. शुक्रवारी समिती आहे, तिथे मी लेखी देणार आहे. शाळेच्या परीक्षा चालू आहेत, मला गाव सोडता येत नाही, नाहीतर हे पत्र मीच घेऊन आलो असतो. तू फक्त तिला गाडीत बसू देऊ नकोस.

निंबा

धुळे,
१४ एप्रिल १९३९

सुगन,

उत्तर नाही. परवा परीक्षा संपल्या आणि मी जळगावला येऊन गेलो. दुकानाला कुलूप. शेजारच्या नथ्थू कासाराने सांगितले, शेठ मंडळी फैजपूरला साखरपुड्याला गेली. बहीण आणि तिची मुलगी पहिल्या तारखेलाच सुरतेच्या गाडीने गेल्या. तू स्वतः स्टेशनवर पोचवायला गेला होतास.

माझे पत्र तीस तारखेला तुला मिळाले असणार. मिळाले नाही असे मानायची मी फार धडपड करतो आहे.

समितीने माझा वर्ग काढून घेतला. योग्य केले. प्रमिलाबाईंनी धनकुंवरला नेमणुकीचे पत्र नागोरला रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. जागा जूनअखेरपर्यंत तिच्यासाठी ठेवली आहे.

निंबा

जळगाव,
२१ एप्रिल १९३९

निंबा,

आज आखाजी. गल्लीत घरोघरी लेकी माहेरी आल्या आहेत, कडुनिंबाला झोके बांधले आहेत, गाणी चालली आहेत. आमच्याकडे झोका बांधला नाही.

तुझे पत्र मिळाले होते. ओटीवर बालचंदजी बसले होते, टपालवाल्याने त्यांच्यासमोरच दिले. कुणाचे म्हणून विचारले तर मी म्हणालो, शाळेच्या वर्गणीचे. आत जाऊन वाचले. दोनदा वाचले. मग घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी फैजपूरकरांचा माणूस होकार घेऊन आला. होकारासोबत एक निरोपही होता, तुमची बहीण सासरी चालली हे फार चांगले झाले. मी स्वतःला सांगितले, साखरपुडा होऊ दे, मग धनूला बोलावून घेऊ. दोन महिन्यांनी काय बिघडते. पत्र खिशात होते तेव्हा तिने मला जेवायला वाढले. पत्र खिशात होते तेव्हा मी तिची ट्रंक गाडीत चढवली. कुसुम खिडकीतून हात हलवत होती.

मी तुला काय म्हणू? लहानपणी तिचे अक्षर माझे म्हणून दाखवले, तेव्हा ते पोरकट होते. हे पोरकट नाही. मला माझी लाज वाटते, आणि मुलीचे लग्न ठरले याचा आनंदही होतो. दोन्ही एकाच वेळी होते, हेच फार वाईट आहे.

बालचंदजींना मी लिहू शकत नाही. काय लिहू? प्रमिलाबाईंचे पत्र पोचले तर पोचले.

सुगन

धुळे,
१८ जून १९३९

भाईजी,

प्रणाम.

मी धुळ्याला येऊन आठ दिवस झाले. प्रमिलाबाईंचे पत्र नागोरला पोचले, सासऱ्यांनी फोडले, वाचले आणि माझ्यासमोर टाकले. म्हणाले, दिलेला शब्द मी मोडणार नाही, पास झाली आहेस तर जा. पण पोरगी आता या घरात आली आहे, ती या घरातच राहील. शब्द तुझ्यापुरता होता. मी पाया पडले. जेवण सोडले. ते बधले नाहीत.

महिनाभर विचार केला. तिथे राहिले असते तर कुसुम रोज डोळ्यांसमोर राहिली असती, आणि तेरा-चौदा वर्षांची झाली की तिला कुठे द्यायचे ते मला विचारल्याशिवाय ठरले असते. मला पाय टेकायला जागा झाली तरच तिला आणता येईल, असे मनाला सांगितले आणि आले. निघताना ती जावेच्या पोरांबरोबर अंगणात खेळत होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर मी निघाले नसते.

इथे येईपर्यंत मला वाटत होते की निकालातली चूकच उशिरा सापडली. गुरुजींनी मला पेपर दाखवला आणि हात जोडून माफी मागितली. बोलण्याच्या ओघात ते म्हणून गेले, मी अठ्ठावीस तारखेलाच सुगनला लिहिले होते. मग मी विचारत गेले आणि त्यांना सांगावे लागले. गुरुजींना मी माफ केले का, ते माझे मलाच अजून कळलेले नाही. त्यांची चूक न कळत झाली. वर्ग गेल्यावरही रोज दुपारी येऊन विचारतात, कुसुमची काही बातमी?

तुम्हाला मात्र कळत होते. पत्र मिळाले त्या दिवशी कुसुम तुमच्याच घरात, तुमच्याच मांडीवर बसून चिंचा खात होती.

सोहनच्या लग्नासाठी तुम्ही गप्प राहिलात, हे मला समजते. भाईजी, मला सांगितले असते तर मीच म्हणाले असते, साखरपुडा होऊ द्या, तोवर मी आजारी म्हणून पडून राहते, कुणाला कळणार नाही. सोहन मलाही लेकीसारखी आहे. तुम्ही विचारलेच नाहीत. माझ्या वाटचे तुम्ही ठरवून टाकलेत, जसे सगळे ठरवतात.

आता मला पत्र नको आणि पैसेही नकोत. तुम्ही तिला गाडीत बसवलेत, तुम्हीच नागोरला जा. सासऱ्यांच्या समोर बसा आणि खरे सांगा, की मी निघायच्या आतच निकाल फिरला होता, पत्र तुमच्याकडे होते, आणि पोरगी तुमच्या लपवण्यामुळे त्यांच्या घरात गेली. ते वचनाचे माणूस आहेत. खरे ऐकले तर कदाचित देतील. फैजपूरकरांच्या कानावर गेले तर जाऊ द्या. लग्न मोडले तर सोहनची माफी मी मागेन, तुम्ही नाही.

कुसुमला घेऊन या. तिला घेतल्याशिवाय माझ्या दारात येऊ नका.

धनकुंवर